मुंबई ते नागपूर : हवाई अंतर आणि रात्रीचें टपाल
(नभोवाणीवरील भाषण)

मुंबईहून नागपूर किती दूर आहे, असा प्रश्न चार माणसांस विचारला तर चार निरनिराळीं उत्तरें मिळतात. आगगाडीनें जाणारा ८३७ किलोमीटर म्हणून सांगतो. मोटारीनें जाणारा भिवंडीजवळ आमणें येथें संपणाऱ्या समृद्धि महामार्गाचा आंकडा सांगतो, ७०१ किलोमीटर. नकाशावर कंपास ठेवून सरळ रेषेनें मोजणारा ६८५ च्या आसपास येऊन थांबतो. आणि विमानाचें तिकीट हातीं असलेला गृहस्थ किलोमीटरांचें नांवच काढीत नाहीं, तो म्हणतो, "दीड तास." चौघेहि खरें बोलतात. परंतु पहिल्या तीन उत्तरांत जमिनीविषयीं कांहीं सांगितलेलें आहे, तर चौथ्या उत्तरांत माणसानें केलेल्या व्यवस्थेविषयीं. त्या व्यवस्थेचा इतिहास आजच्या भाषणांत श्रोत्यांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रथम अंतरांचाच उलगडा करूं. आगगाडीचा मार्ग सरळ रेषेहून दीडशें किलोमीटरांनीं लांब कां, याचें उत्तर सह्याद्रींत आहे. मुंबईहून निघालेल्या रुळांना कसाऱ्याजवळ थळ घाट चढून इगतपुरी गांठावी लागते. हा घाटमार्ग १८६५ सालीं वाहतुकीस खुला झाला. तेथून नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा अशीं गांवें घेत घेत जी. आय. पी. रेल्वे १८६७ सालीं नागपुरास पोंचली. रूळ ज्या वाटेनें गेले त्या वाटेवर खानदेशचा व वऱ्हाडचा कापूस होता, आणि कापसासाठीं चार कोस वांकडी वाट करणें आगगाडीस परवडत होतें. विमानास ना घाट आडवा येतो ना कापूस. त्यास फक्त पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब ठेवावा लागतो. गोलावरील दोन स्थळांना जोडणारी अत्यंत जवळची रेषा म्हणजे त्या गोलाच्या मोठ्या वर्तुळाचा कंस होय. शाळेंतील पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून नागपुरापर्यंत दोरा ताणून धरला, तर तो आपोआप त्याच कंसावर बसतो. मीं तीस वर्षें भूगोल शिकवितांना हा प्रयोग मुलांकडून करवून घेतला, आणि सपाट नकाशापेक्षां दोरा अधिक खरें बोलतो, हें मुलांना एका तासांत समजत असे.

आतां वेळेकडे वळूं. अंतरास वेगानें भागलें कीं वेळ निघतो, हें चौथीच्या मुलासहि ठाऊक आहे. परंतु विमानाच्या बाबतींत हा भागाकार कधींच नेमका उतरत नाहीं. आजचें जेट विमान ताशीं आठशें किलोमीटरांच्या वेगानें चालतें. त्या हिशेबानें ६८५ किलोमीटरांस एक्कावन्न-बावन्न मिनिटें पुरावींत. पण विमान आरंभापासून त्या वेगानें जात नाहीं. चढण्यास वेळ लागतो, उतरण्यास त्याहून अधिक लागतो, आणि मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर उतरण्यापूर्वीं कांहीं घिरट्याहि घालाव्या लागतात. म्हणून आकाशांतील वेळ सुमारें पांच पाव तासांच्या घरांत जातो. त्यांत धांवपट्टीपर्यंत जाण्याचा आणि धांवपट्टीवरून परत येण्याचा वेळ मिळविला म्हणजे वेळापत्रकांतील दीड तास होतो. शिवाय वारा आहेच. हिवाळ्यांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यामुळें नागपुरास जातांना विमानास मागून रेटा मिळतो आणि परततांना तोच वारा तोंडावर येतो. जातांनाचा व येतांनाचा वेळ यांमुळेंच सारखा नसतो.

हा झाला आजचा हिशेब. परंतु आपल्या देशांतील हवाई प्रवासाचा आरंभ पाहिला, तर एक वेगळीच गोष्ट ध्यानांत येते : वेळ जातो तो बहुधा आकाशांत जात नाहीं.

१८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबाद येथें भरलेल्या प्रदर्शनाच्या वेळीं आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें यमुनेपलीकडील नैनीपर्यंत टपालाची थैली नेली. अंतर सुमारें सहा मैल, वेळ तेरा मिनिटें, आणि थैलींत सुमारें ६,५०० पत्रें. सरकारी टपाल अधिकृत रीतीनें विमानांतून नेण्याचा जगांतील हा पहिला प्रसंग होय. परंतु त्या तेरा मिनिटांनीं एकाहि पत्राचा प्रवास खऱ्या अर्थानें लवकर झाला नाहीं. पुढील सारी वाट त्या पत्रांस आगगाडीनें व आगबोटीनेंच करावी लागली. विमानानें तोडलेलें अंतर एकंदर वाटेच्या मानानें नगण्य होतें.

दुसरा प्रसंग १५ ऑक्टोबर १९३२ चा. इंग्लंडचें हवाई टपाल त्या वेळीं कराचीस येत असे. तेथून तें मुंबईस व मद्रासेस नेण्याची सेवा टाटांनीं सुरू केली. पहिल्या दिवशीं जे. आर. डी. टाटा स्वतः एक इंजिनाचें पस मॉथ जातीचें लहानसें विमान घेऊन सकाळीं ६ वाजून ३५ मिनिटांनीं कराचीहून निघाले, अहमदाबादेस उतरले आणि दुपारीं १ वाजून ५० मिनिटांनीं जुहूस पोंचले. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडींतून आले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. कराची–अहमदाबाद–मुंबई हें अंतर हवाई मार्गानें एक हजार किलोमीटरांहून थोडें अधिक भरतें. तें सव्वासात तासांत तोडलें गेलें. पुढें जुहूहून नेव्हिल व्हिंटसेंट हे तें टपाल घेऊन निघाले. परंतु बळ्ळारीस त्यांना रात्र काढावी लागली आणि मद्रास दुसऱ्या दिवशीं आली.

श्रोत्यांनीं या बळ्ळारीच्या मुक्कामाकडे लक्ष द्यावें. वाटेंत ना दिव्यांची सोय, ना रेडिओची; अंधारांत उडणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें. म्हणून दिवसा जें विमान आगगाडीच्या दुप्पट-तिप्पट वेगानें जाई, तें रात्रीं जमिनीवर उभें राही, आणि त्याच वेळीं आगगाडी मात्र अंधारांतून धांवत असे. दिवसा मिळविलेला फायदा रात्रीं निम्म्याहून अधिक हातचा जाई. हवाई टपालाचें खरें वैरी अंतर नव्हतें. रात्र हीच त्याची वैरीण होती.

हें वैर मोडण्याची योजना स्वातंत्र्यानंतर लगेच हातीं घेतली गेली. दळणवळणखात्याचे मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या पुढाकारानें १९४९ सालच्या आरंभीं रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. योजना ऐकावयास साधी आहे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रोज रात्रीं एकेक विमान टपाल व कांहीं उतारू घेऊन निघावें; चारहि विमानांनीं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगांव विमानतळावर एकत्र यावें; तेथें थैल्यांची अदलाबदल व्हावी; आणि ज्या शहरांतून जें विमान आलें त्यानें उरलेल्या तीन शहरांचें टपाल घेऊन पहाटेपर्यंत घरीं परतावें. सोनेगांवचें मैदान दुसऱ्या महायुद्धांत लष्करी विमानांच्या उपयोगाचें होतें. विमानेंहि युद्धांतूनच आलेलीं. लढाई संपल्यावर स्वस्तांत विकलीं गेलेलीं डाकोटा जातीचीं दोन इंजिनांचीं विमानें या कामास लागलीं.

नागपूरच कां? नागपुरांत शून्य मैलाचा स्तंभ आहे आणि तो देशाचा मध्य होय, असें सांगण्याची पद्धत आहे. देशाचा मध्य काटेकोरपणें कसा ठरवावा हा वेगळा वाद आहे. परंतु चार शहरांच्या टपालापुरता नागपूर हा मध्य आहे कीं नाहीं, हें पाटीपेन्सिल घेऊन कोणासहि ताडून पाहतां येईल. सरळ हवाई मार्गानें नागपूर मुंबईहून सुमारें ६८५, दिल्लीहून ८५५, मद्रासेहून ९१० आणि कलकत्त्याहून ९८५ किलोमीटर आहे. डाकोटाचा वेग ताशीं २७० किलोमीटर धरला, तर मुंबईच्या विमानास अडीच तास, दिल्लीच्या विमानास तीन तास दहा मिनिटें, मद्रासच्या विमानास तीन तास वीस मिनिटें आणि कलकत्त्याच्या विमानास तीन तास चाळीस मिनिटें लागतात. म्हणजे सर्वांत जवळचें व सर्वांत दूरचें शहर यांत सत्तर मिनिटांचा काय तो फरक.

याहून सुंदर गोष्ट पुढेंच आहे. मुंबई व कलकत्ता यांस जोडणारी सरळ रेषा काढा आणि दिल्ली व मद्रास यांस जोडणारी दुसरी काढा. या दोन रेषा जेथें एकमेकींस छेदतात, तेथें नागपूर जवळजवळ नेमकें बसलेलें आहे. मुंबई–कलकत्ता हें सरळ अंतर सुमारें १,६६५ किलोमीटर आहे; नागपुरावरून गेलें तरी त्यांत चार-पांच किलोमीटरांहून अधिक वाढ होत नाहीं. दिल्ली–मद्रास हें अंतर सुमारें १,७६० किलोमीटर. तेथेंहि तोच प्रकार. चार शहरांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीकरितां स्वतंत्र मार्ग ठेवला तर सहा मार्गांची एकंदर लांबी सुमारें ८,३०० किलोमीटर भरते. नागपुरावर भेटणाऱ्या चार मार्गांची लांबी अवघी ३,४०० किलोमीटरांच्या आसपास आहे. गरीब देशास रोजच्या पेट्रोलांत पडणारा हा फरक लहान नव्हता.

अर्थात् या योजनेंत एक विपरीत गोष्ट होती. मुंबईहून दिल्ली सरळ मार्गानें सुमारें १,१४० किलोमीटर आहे, परंतु नागपुरावरून जाणारें पत्र १,५४० किलोमीटर प्रवास करी. मुंबई–मद्रास पत्राचा फेरा तर साडेपांचशें किलोमीटरांहून अधिक होता. विमान तेंच, वेग तोच, आणि वाट मात्र लांबची. तरीहि पत्र आधीं पोंचे. हें कसें झालें? दिवसाच्या विमानानें पाठवावयाचें पत्र संध्याकाळीं पेटींत पडलें, तर तें रात्रभर टपालकचेरींत निजून राही. सकाळीं निघे, दुपारीं उतरे, आणि निवड होऊन घरीं जाईपर्यंत आणखी एक रात्र उलटे. रात्रीच्या विमानांतील पत्र माणसें निजलेलीं असतां प्रवास करी आणि पहाटे उतरून पहिल्या फेरीच्या पोस्टमनच्या थैलींत जाऊन बसे. वैमानिकांनीं विमानाचा वेग एका मैलानेंहि वाढविला नव्हता. वाढ झाली ती वापरण्याजोग्या तासांत.

त्याच वर्षीं १ एप्रिलपासून सरकारनें दुसरें पाऊल उचललें. पूर्वीं विमानानें पत्र पाठवावयाचें तर जादा आकार द्यावा लागे, आणि त्यामुळें हवाई टपाल हें पेढीवाल्यांचें व सरकारी कचेऱ्यांचें साधन होऊन बसलें होतें. आतां जेथें विमानाची सोय असेल तेथें साधें पत्र व पोस्टकार्डहि जादा आकाराशिवाय विमानानेंच जाऊं लागलें. गिरगांवांतील एखाद्या कारकुनानें नागपूरच्या आपल्या आईस लिहिलेलें कार्ड आणि एखाद्या मोठ्या गिरणीमालकाचें व्यापारी पत्र हीं दोन्ही एकाच थैलींत, एकाच विमानांत, एकाच वेळीं पोंचूं लागलीं. माझ्या मतें या सेवेचा खरा मोठेपणा येथें आहे. वेग पैसे देणाऱ्यास नेहमींच मिळत आला आहे. तो साध्या कार्डास मिळणें ही निराळी गोष्ट होय.

परंतु या सोयीची किंमत कोणीतरी मोजीत होतें, हें विसरून चालणार नाहीं. रोज रात्रीं, पावसाळ्यांतहि, मेघांनीं झांकलेल्या सातपुड्यावरून किंवा पूर्वघाटावरून हीं विमानें जात. डाकोटा आजच्या विमानांप्रमाणें ढगांच्या वर चढून जाणारें विमान नव्हे; त्यास ढगांतूनच मार्ग काढावा लागे, आणि मार्ग दाखवावयास खालून येणाऱ्या रेडिओच्या खुणांपलीकडे फारसें कांहीं नसे. ही सेवा आरंभीं खासगी कंपन्यांनीं चालविली. १ ऑगस्ट १९५३ रोजीं देशांतील हवाई कंपन्यांचें राष्ट्रीयीकरण झाल्यावर ती इंडियन एअरलाइन्सकडे आली. त्याच वर्षीं १२ डिसेंबरच्या रात्रीं मद्रासकडे निघालेलें टपालाचें डाकोटा विमान नागपुराहून उडतांच कोसळलें आणि तेरा माणसें प्राणांस मुकलीं. कामगारपुढारी व संसदेचे सभासद हरिहरनाथ शास्त्री हे त्यांपैकीं एक होते. एकटा वैमानिक वांचला. सेवा मात्र थांबली नाहीं. पुढें डाकोटांच्या जागीं चार इंजिनांचीं मोठीं विमानें आलीं. ज्या सकाळीं दारांत पत्र वेळेवर पडे, त्या सकाळीं रात्रीं कोण जागलें होतें याची आठवण किती घरांत होत असेल?

एकोणीसशें साठ सालानंतर जेट विमानें आलीं आणि हिशेबच बदलला. मुंबईहून दिल्लीस दोन तासांत सरळ जातां येऊं लागल्यावर नागपुरावरून चारशें किलोमीटरांचा फेरा घेण्याचें प्रयोजन उरलें नाहीं. संध्याकाळच्या उतारूंच्या विमानांतूनच टपालाच्या थैल्या जाऊं लागल्या, आणि सत्तरनंतरच्या वर्षांत नागपूरची ती रात्रीची भेट बंद पडली. मौज अशी कीं, त्याच सुमारास, १९७३ सालीं, अमेरिकेंत फेडरल एक्सप्रेस या कंपनीनें मेम्फिस शहरीं नेमकी हीच रीत सुरू केली : सर्व विमानें रात्रीं मध्यावरील एका गांवीं यावयाचीं, सामानाची अदलाबदल व्हावयाची, आणि पहाटे तीं परत जावयाचीं. त्या रीतीवर पुढें जगभरचा मोठा व्यापार उभा राहिला. आपण ती त्यापूर्वीं चोवीस वर्षें, युद्धांतून उरलेल्या विमानांवर आणि पोस्टकार्डाच्या दरांत चालवून दाखविली होती.

मुंबई–नागपूर या अंतरास महाराष्ट्राच्या इतिहासांत आणखी एक अर्थ आहे. रात्रीचें टपाल सुरू झालें त्या वेळीं हीं दोन शहरें एका प्रांतांत नव्हतीं. नागपूर ही दुसऱ्या प्रांताची राजधानी होती. २८ सप्टेंबर १९५३ रोजीं नागपूर करार झाला. विदर्भ एकत्र राज्यांत आल्यास राजधानी फार दूर पडेल, ही भीति त्यामागें स्पष्ट दिसते. म्हणूनच सरकारनें कांहीं काळ नागपुरास यावें आणि विधिमंडळाचें वर्षांतून एक अधिवेशन तेथें भरावें, असें त्यांत ठरलें. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झाल्यापासून हिवाळी अधिवेशनाची प्रथा चालत आली आहे. ६८५ किलोमीटर हें अंतर केवळ विमानाचें नसून राज्यकारभाराचेंहि आहे, हें त्या करारावर सह्या करणाऱ्यांनीं ओळखलें होतें. विमान दीड तासांत जातें म्हणून राजधानी जवळ आली, असें चंद्रपूरच्या किंवा गडचिरोलीच्या शेतकऱ्यास म्हणतां येत नाहीं. कारण त्याच्या घरापासून सोनेगांवपर्यंतचे तास कोणत्याहि विमानाच्या वेळापत्रकांत छापलेले नसतात.

हीच गोष्ट शहरांतील उतारूसहि लागू आहे. दादरहून नागपुरास निघालेल्या गृहस्थाचा हिशेब पाहा. विमानतळावर जाण्यास तास, तेथें तपासणी व प्रतीक्षा यांत दीड-दोन तास, विमानाचा दीड तास, सामान घेऊन बाहेर पडण्यास व नागपुरांत घरीं पोंचण्यास आणखी तास. बेरीज पांच तासांहून अधिक झाली; त्यांत आकाशांतील वेळ पांच पाव तासांचा. आगगाडीस आजहि अकरा ते पंधरा तास लागतात, म्हणून विमानाचा फायदा आहेच; परंतु तो तिकिटावर दिसतो तितका मोठा नाहीं. डाकोटाला आकाशांत अडीच तास लागत, आजच्या विमानास त्याच्या निम्मा वेळ लागतो. उरलेला वेळ कमी करावयाचा तर तो इंजिनाच्या कारखान्यांत कमी होणार नाहीं. तो विमानतळाच्या दारांत, रस्त्यांवर आणि वेळापत्रकें बसविणाऱ्यांच्या टेबलावरच कमी होईल. नागपूरचा विमानतळ, ज्यास आतां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव दिलेलें आहे, त्याच्या शेजारीं मिहान या नांवानें मालवाहतुकीचें मोठें केंद्र उभारण्याचा उपक्रम गेलीं अनेक वर्षें चालूं आहे. त्याचें यशहि मैलांवर किंवा वेगावर अवलंबून नसून या व्यवस्थेवरच अवलंबून आहे. जागा मध्यावर आहे, ही गोष्ट १९४९ इतकीच आजहि खरी आहे. परंतु केवळ मध्यावर असण्यानें कोणतेंहि गांव केंद्र होत नाहीं. चार दिशांनीं येणाऱ्यांनीं ठरल्या वेळीं यावें लागतें, आणि त्यांची अदलाबदल करणारीं माणसें जागीं असावीं लागतात.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं जुन्या पत्रांची एखादी पेटी असेल. १९४९ नंतरच्या काळांत मुंबईहून दिल्लीस, कलकत्त्यास किंवा मद्रासेस गेलेलीं पाकिटें तींत सांपडलीं, तर त्यांवरील दोन शिक्के जुळवून पाहावे : एक पत्र टाकल्याचा, दुसरा पाठीवर पोंचल्याचा. दोन्ही शिक्क्यांत एकाच दिवसाचें अंतर आढळलें, तर मधल्या रात्रीं तें पाकीट नागपुरास उतरून, एका विमानांतून दुसऱ्या विमानांत जाऊन पुढें गेलें असण्याचा पुष्कळ संभव आहे. पाकिटावर नागपूरचें नांव कोठेंहि नसेल. परंतु तेथील मैदानावर त्या रात्रीं कोणीतरी त्याची थैली खांद्यावरून वाहिली होती.